नवऱ्याला विचारतात : होय

माझ्या बायकोला बंदुकीचा परवाना मिळणार की नाही, हे बरंचसं माझ्या तोंडावर अवलंबून आहे, असं कळलं तेव्हा आमची मुलगी टोस्ट खात होती. तिने टोस्ट ताटलीत ठेवला, आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि म्हणाली, "मम्मा, यू आर सो डूम्ड."

मुलीचं म्हणणं निराधार नव्हतं. काही वर्षांपूर्वी भारतातून परत येताना ऑकलंडच्या विमानतळावर मी शर्टाच्या खिशात सापडलेली एक लवंग जाहीर केली होती. फॉर्मवर वनस्पतिजन्य पदार्थांच्या पुढे खूण केली आणि लिहिलं : लवंग, नग एक. अधिकाऱ्याने विचारलं, "एक पाकीट?" मी म्हणालो, "एक लवंग." त्याला वाटलं, इतकं प्रामाणिक कुणी नसतं, यामागे काहीतरी मोठं असणार. चारही बॅगा उघडल्या गेल्या. चाळीस मिनिटं. वेलिंग्टनचं पुढचं विमान अकरा मिनिटांनी चुकलं. बाकावर बसल्या बसल्या बायको म्हणाली, "गिळायची होतीत ना ती!"

"मग पोटात एक आहे, असं सांगावं लागलं असतं."

तर अशा माणसाला परवाना खात्याकडून कुणीतरी येऊन विचारणार होतं की तुमची बायको बंदूक बाळगण्याच्या लायक आहे का. इथला नियम तसा आहे. अर्जदाराने शिकवणी करायची, परीक्षा द्यायची, घरात सेफ बसवून दाखवायची, आणि दोन माणसांनी तिच्याबद्दल सांगायचं. एक बाहेरचा, आणि एक घरातला. घरातला म्हणजे नवरा असेल तर नवरा.

बंदूक कशाला, हे सांगायला हवं. आम्ही अप्पर हटला राहतो. मी नगरपालिकेच्या पाण्याच्या नळांतून कुठे किती गळतं याची मोजमापं पाहतो आणि रोज ट्रेनने वेलिंग्टनला जातो. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. गेली सहा वर्षं हिवाळ्यातल्या शनिवारी ती आमच्या मागच्या डोंगरावर झाडं लावणाऱ्या गटाबरोबर जाते. तिने स्वतःच्या हाताने लावलेली रोपं तीनशे चाळीस. गेल्या मोजणीत जिवंत एकशे एक्क्याण्णव. हे दोन्ही आकडे मी काढलेले आहेत, रविवारी डोंगर चढून, वहीत खुणा करून. उरलेली एकशे एकोणपन्नास बहुतांशी रानटी बकऱ्यांनी खाल्ली. गटातले नेमबाज सत्तरीला आलेले, गुडघे दुखतात. त्यांनी विचारलं, नवीन कुणी शिकणार का? माझ्या बायकोने हात वर केला. मे महिन्यातल्या एका शनिवारी मोहीम ठरलेली होती. परवाना त्याआधी हवा होता.

घरी येऊन तिने मला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. मी म्हणालो, "अगं, तू आणि बंदूक?"

"का? पूर्वी धरली आहे."

ही गोष्ट मला थोडीफार माहीत होती. कोल्हापूरला कॉलेजात असताना ती नेमबाजीच्या संघात होती. दिल्लीच्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती. पण संमतीपत्रावर वडिलांची सही लागत होती आणि सासऱ्यांनी ती केली नाही. माणूस वाईट नव्हता. "मुलगी, दिल्ली, आणि वर बंदूक?" एवढं बोलून ते दुकानात निघून गेले. विषय संपला. लग्नानंतर चोवीस वर्षांत तिने हे मला दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा हसत. म्हणून मी ते हसण्याच्या गोष्टींत जमा धरलं होतं.

खरी धमाल रविवारी सुरू झाली. दर रविवारी सकाळी तिचा धाकटा भाऊ टेक्ससहून व्हिडिओ कॉल करतो. त्याची शनिवार दुपार असते. तो तिथे नोकरीला लागून, नागरिक होऊन, आता चांगला गरगरीत झालाय. त्याला नवऱ्याच्या मुलाखतीचं कळल्यावर तो खुर्चीतून पडायचाच राहिला.

"ताई, हे म्हणजे कांदेपोहे झाले गं! दाजी सांगणार, मुलगी शांत आहे, स्वयंपाक येतो, बंदूक चालवते!" मग त्याने उभं राहून शर्टाचं टोक उचललं. कमरेला, पट्ट्याच्या आत, काळं पिस्तूल. "हे बघा. कोथिंबीर आणायला जातो तेव्हासुद्धा असतं बरोबर. कुणाला दिसत नाही."

"कोथिंबिरीला कशाला लागतं?" मी विचारलं.

"असू दे की, दाजी."

"परवाना?"

"आमच्या राज्यात आता लागतच नाही. तरी माझ्याकडे आहे."

"लागत नाही तर काढलास कशाला?"

"दुसऱ्या राज्यात गेलो आणि तिथे लागला तर?"

"लागतो का?"

"काही ठिकाणी. आम्ही दर उन्हाळ्यात हिच्या बहिणीकडे शिकागोला गाडीने जातो ना. मधल्या राज्यांत चालतं. बहुतेक."

बहुतेक हा शब्द मला सहन होत नाही. कुठला नळ गळतोय विचारलं तर बहुतेक तिसरा, असं म्हणून कसं चालेल? मी म्हणालो, "एकाच देशात आहेस ना तू?"

"दाजी, हा एक देश नाही. ही पन्नास सासरं आहेत. प्रत्येक घरचं सोवळं वेगळं."

त्या दुपारी मी तक्ता करायला घेतला. ओळींत राज्यं, रकान्यांत नियम. बायको म्हणाली, "माझ्या परीक्षेचा अभ्यास कोण घेणार?" मी म्हणालो, "तोही घेतो." दोन्ही केलं. एका हातात तिच्या प्रश्नांची कार्डं, दुसऱ्या हातात अमेरिका.

आणि खरं सांगतो, इतकी मजा मला अनेक वर्षांत आली नव्हती. मेव्हण्याच्या टेक्ससमध्ये एकवीस वर्षांच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला शर्टाखाली पिस्तूल बाळगायला कागद लागत नाही. पण हवा असेल तर शिकवणी करून, बोटांचे ठसे देऊन कागद मिळतो, आणि तो मुख्यतः परगावी दाखवायला. वाटेवरच्या ओक्लाहोमात आणि मिझुरीतही कागदाची अट नाही. नदी ओलांडून इलिनॉयमध्ये शिरलं की सोळा तासांची शिकवणी आणि त्यांचा स्वतःचा परवाना. टेक्ससच्या कार्डाला तिथे कुणी हिंग लावून विचारत नाही. परराज्यातल्या माणसाने गाडीत ठेवलं तर चालतं. ते अंगावर घेऊन गाडीतून पाय खाली टाकला की गुन्हा. व्हरमाँटमध्ये तर परवाना नावाची वस्तूच नाही. तिथल्या माणसाला दुसऱ्या राज्यात मिरवायचं असेल तर बिचाऱ्याने तिसऱ्या राज्याचा परवाना काढायचा. काही राज्यांत पोलिसाने गाडी थांबवली की आपण होऊन सांगायचं, साहेब, माझ्याकडे आहे. काही ठिकाणी विचारलं तरच. आणि न्यूयॉर्क! सोळा तास वर्गात, दोन तास प्रत्यक्ष, चार भल्या माणसांची नावं, आणि शिवाय घरात राहणाऱ्या सज्ञान माणसांचीही.

घरात राहणाऱ्या माणसांची, हे वाचून मी थांबलो आणि तक्त्याला शेवटचा रकाना जोडला : घरच्या माणसाला विचारतात का?

पुढच्या रविवारी मी मेव्हण्याच्या बायकोला थेट विचारलं. ती मागे भांडी लावत होती.

"मला?" ती कॅमेऱ्यापाशी आली. "मला कोणी काही विचारलंच नाही, दाजी. विचारलं असतं तर मी दोन तास बोलले असते."

मेव्हण्याने शर्ट नीट खाली ओढून घेतला.

तळाला मी आमची ओळ लिहिली. न्यूझीलंड. लपवून बाळगणं : नाही. उघड बाळगणं : नाही. स्वसंरक्षण हे कारण : चालत नाही. नवऱ्याला विचारतात : होय. वर टीप दिली की ही माहिती या महिन्यातली आहे, तिकडचे कायदे बदलत असतात. तक्ता फ्रिजवर लावला.

परीक्षेत बायको पहिल्याच फेरीत पास झाली. प्रत्यक्ष नेमबाजीच्या वेळी शिकवणारा म्हातारा दुर्बिणीतून कागद बघून म्हणाला, "तुम्ही हे आधी कुठे केलंय?" ती म्हणाली, "फार पूर्वी. तेव्हा मी वीस वर्षांची होते." घरी येईपर्यंत गाडीत ती नुसती उजव्या हाताचं पहिलं बोट बघत होती.

सेफ मी बसवली. गराजच्या काँक्रीटमध्ये चार बोल्ट, प्रत्येकाची खोली मोजून. सहा आकडी कोडचं कुलूप. कोड फक्त परवानाधारकाला माहीत हवा, घरातल्या इतर कुणालाही नाही, असा नियम. म्हणून तिने कोड घातला तेव्हा मी स्वतःहून बाहेर लॉनवर जाऊन उभा राहिलो.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "हे बघा. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. होय किंवा नाही. आकडे नकोत."

"आणि उत्तर होय आणि नाहीच्या मध्ये असेल तर?"

लाटणं थांबलं. "तेव्हा एका सहीपायी राहिलं," ती म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "आता तुमच्या बोलण्यापायी राहू नये, एवढंच."

मी हसण्याच्या गोष्टींतून ती गोष्ट काढली आणि कुठे ठेवावी हे कळेना.

तपासणीला आलेल्या बाई साठीच्या आसपास असतील. उंच, हाफ पँट, दारातच बूट काढले, माओरीत "किया ओरा" म्हणून नमस्कार केला आणि चहाला होय म्हणाल्या. आधी बायकोशी बोलल्या, दार लावून, पाऊण तास. मी आणि मुलगी स्वयंपाकघरात. मुलगी कुजबुजली, "बाबा, जस्ट यस ऑर नो. ओके?"

मग माझी पाळी. पहिले प्रश्न सोपे होते. दारू? नाही. औषधं? थायरॉइडची एक गोळी, सकाळी. मी वेळही सांगणार होतो, पण आवरलं. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "त्यांना राग येतो का?"

"होय."

होय म्हटलं की पुरे, असं ठरलं होतं. पण नुसतं होय हे खोट्याच्या फार जवळ जात होतं.

"किती राग येतो?"

आता आकडाच विचारला होता. माझा इलाज नव्हता. "चोवीस वर्षांत वस्तू फेकण्याचे प्रसंग एक," मी म्हणालो. "पुण्यात. लाटणं. माझ्या दिशेने नाही. भिंतीवरच्या पालीच्या दिशेने."

"पाल मेली?"

"नाही. दोन इंचांनी चुकलं."

बाईंनी काहीतरी लिहिलं. "पण त्या तर उत्तम नेम धरतात, असं त्यांच्या शिक्षकांचं म्हणणं आहे."

मी हा विचार चोवीस वर्षांत केलेला नव्हता. "मग," मी हळूच म्हणालो, "मुद्दामच चुकवलं असणार."

त्यांचे खांदे हलले. त्या हसत होत्या का खोकत होत्या, ते मी खात्रीने सांगू शकत नाही. उठता उठता त्यांचं लक्ष फ्रिजकडे गेलं. तक्ता मराठीत, पण राज्यांची नावं इंग्रजीत होती. "हे काय?"

खरं उत्तर एकच होतं. "अमेरिकेत कुठल्या राज्यात पिस्तूल लपवून बाळगायला काय काय लागतं, त्याची यादी."

बैठकीच्या खोलीत बायकोने डोळे मिटलेले मला दिसले. मुलगी म्हणाली, "ओह माय गॉड, बाबा."

"तुमच्या पत्नीला लपवून बाळगायचंय?"

"तिच्या भावाला. टेक्ससमध्ये. तो सारखा 'बहुतेक' म्हणतो, म्हणून मी केला." आणि मी त्यांना तो सगळा इंग्रजीत वाचून दाखवला. व्हरमाँटला त्या मोठ्याने हसल्या. शेवटच्या ओळीपाशी मी आलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "परत वाचा."

"लपवून बाळगणं, नाही. उघड, नाही. स्वसंरक्षण, चालत नाही. नवऱ्याला विचारतात, होय."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ही ओळ मी अर्जदारांना रोज समजावते. चला, सेफ बघू."

इथपर्यंत सगळं निभावलं होतं. बायकोच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. गराजमध्ये बाईंनी सेफ दोन्ही हातांनी हलवून पाहिली, हलली नाही. बोल्ट पाहिले. मग बायकोला विचारलं, "कोड कुणाला माहीत आहे?"

"फक्त मला."

त्या सहज माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला नाही ना?"

आता काय सांगू. तिने मला कोड सांगितला नव्हता. मी पाहिला नव्हता. लॉनवर उभा होतो. पण आमच्या घरात लॅपटॉपला, तिच्या फोनला, घराच्या अलार्मला, सगळीकडे एकच आकडा आहे. तिच्या माहेरचा जुना टेलिफोन नंबर. आमचं लग्न ठरल्यावर पाच महिने मी रोज संध्याकाळी पुण्याच्या बूथवरून तो फिरवत होतो. सहा आकडे.

"तिने सांगितला नाही," मी म्हणालो. "पण माहीत असावा."

"अहो!" बायको म्हणाली.

"असावा म्हणजे?"

"म्हणजे बहुतेक," मी म्हणालो, आणि तो शब्द स्वतःच्या तोंडून ऐकून मला घाम फुटला.

"दाबून दाखवा."

मी दाबला. हिरवा दिवा. खट्. दार उघडलं.

सेफ रिकामी असायला हवी होती. अजून बंदूक नव्हतीच. पण आत मधल्या फळीवर हळदीकुंकवाची दोन बोटं, एक सुपारी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळा पडलेला कागद होता. आमच्या घरातला प्रत्येक कागद माझ्या यादीत आहे. हा नव्हता. बाईंनी विचारलं, हे काय. बायकोने पिशवी उचलली आणि कागद त्यांना दाखवला. वर कॉलेजचं नाव, मध्ये तिचं, माहेरचं आडनाव लावलेलं. खाली : पालकाची सही. त्यापुढे रेघ, आणि रेघेवर काही नाही.

"दिल्लीचं शिबिर," ती इंग्रजीत म्हणाली. "वडिलांनी सही केली नाही." मग माझ्याकडे न बघता, "मला वाटलं, बंदूक आली की हा इथून काढून टाकीन."

बाईंनी कागद दोन्ही हातांनी परत दिला.

"अशी सेफ मी पास करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला उघडता येते. आणि मी परत येईन ती पुढच्या महिन्यात." पुढचा महिना म्हणजे मोहीम होऊन गेलेली असणार होती. मला त्या लवंगेची आठवण झाली. बायकोला पण झाली असणार.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "पण अजून वीस मिनिटं आहेत. कोड बदला. तुम्ही बाहेर जा."

मी परत लॉनवर. वारा असा की उभं राहवेना. पाठ वळवून, कुंपणाकडे तोंड करून. दोन मिनिटांनी हाक आली.

"आता तीन वेळा प्रयत्न करा," बाई म्हणाल्या. "उघडली तर पुढचा महिना. नाही उघडली तर झालं." मग बोट वर करून, "आणि खरा प्रयत्न. मुद्दाम चुकायचं नाही. तुम्ही ते करणार नाही, असं मला वाटतं."

असा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. मला आकडा ओळखायचा होता, कारण तसं सांगितलं होतं. मला आकडा ओळखू नये, असंही वाटत होतं, आयुष्यात पहिल्यांदाच. मुलगी दारात तोंडावर हात ठेवून उभी. बायको हात बांधून.

मी विचार केला. तिच्याकडे दोनच मिनिटं होती. घाईत माणूस जवळचा आकडा घेतो. लग्नाची तारीख. लाल दिवा.

"दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता," बायको मराठीत म्हणाली.

मुलीची जन्मतारीख. लाल. मुलगी म्हणाली, "रूड."

एक उरला. आणि तेवढ्यात मला तो दिसला. अगदी स्वच्छ. तीनशे चाळीस, एकशे एक्क्याण्णव. लावलेली झाडं आणि जगलेली झाडं. तीन आणि तीन, सहा आकडे. ज्यासाठी हे सगळं चाललं होतं, तोच. दुसरा असूच शकत नव्हता. माझं बोट बटणावर होतं. मी बायकोकडे पाहिलं. तिला कळलं की मला सापडलाय. तिचा चेहरा पांढरा पडला. पण ती म्हणाली, "दाबा. तुम्हाला दाबल्याशिवाय राहवणार नाही."

तीन. चार. शून्य. एक. नऊ. एक.

लाल दिवा. मग लांबच लांब शिट्टी, आणि कुलूप पाच मिनिटांसाठी बंद पडलं.

त्यानंतर काय झालं, ते मला नीट क्रमाने सांगता येणार नाही. मुलगी किंचाळली. बायको खाली काँक्रीटवर बसून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाई "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या भाषेत झकास, म्हणाल्या आणि कागदावर खूण केली. मी आनंदाच्या भरात सेफला नमस्कार केला आणि शेजारचा म्हातारा कुंपणावरून बघत होता त्यालाही केला.

बाई गेल्यावर मी विचारलं, "झाडांचा आकडा कसा नाही?"

"आला होता मनात," ती म्हणाली. "पण तो तुमचा आकडा आहे. झाडं तुम्ही मोजता. मी नुसती लावते."

परवाना मोहिमेच्या आठ दिवस आधी पोस्टाने आला. त्या शनिवारी ती संध्याकाळी चारला डोंगरावरून उतरली, गुडघ्यांपर्यंत चिखल, गाल लाल. मी विचारलं, "किती?" ती म्हणाली, "पुरेशा." मी परत विचारलं नाही. सेफमधला तो पिवळा कागद तिने मला आणून दिला आणि म्हणाली, "घ्या, तुमच्या यादीत घाला." नोंद अशी केली : संमतीपत्र, कॉलेज, सही नाही, आता गरज नाही.

उन्हाळ्यात, म्हणजे आमच्या हिवाळ्यात, मेव्हण्याचा फोन आला तो इलिनॉयच्या एका पेट्रोल पंपावरून. तक्ता त्याने छापून गाडीत ठेवला होता. "दाजी, तुमच्या चौथ्या रकान्याप्रमाणे पिस्तूल गाडीतच कुलूपबंद ठेवलंय. पाय खाली टाकलाय मी एकट्याने." मागून त्याची बायको ओरडली, "आणि किल्ली माझ्याकडे आहे! नवीन रकाना घाला, दाजी!" मी घातला.

सेफचा आकडा मला आजही माहीत नाही. या घरातला तेवढा एकच. ती शनिवारी सकाळी सेफ उघडते तेव्हा मी नियमाप्रमाणे गराजबाहेर, पाठ करून उभा असतो. पण बटणांचे आवाज बाहेर येतात, आणि मोजू नये म्हटलं तरी माझं डोकं मोजतं; शिवाय एक बटण जरा जाड वाजतं. म्हणून मी मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणतो. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटतं, आमची शिकारीआधीची प्रार्थना आहे. तो टोपी काढून उभा राहतो. मी त्याला दोनदा खरं काय ते सांगितलं, तरी काढतो.

गेल्या शनिवारी मी एकोणतीस सत्ते म्हणून अडखळलो. कान नको तिकडे गेला होता.

आतून आवाज आला, "दोनशे तीन. आणि ऐकू नका."